दोन दरबारांचे सरदार आणि शिवेचा राखणदार
(मांजरसुंबा ते खर्डा : एका प्रवासाची हकिगत)

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की पाली गाव मागे पडते, बिंदुसरेचे धरण दिसते आणि एस. टी. घाट चढू लागते. घाट संपला की मांजरसुंबा. बीडपासून वीस-बावीस किलोमीटर. (अहमदनगरजवळ, म्हणजे आताच्या अहिल्यानगरजवळ, मांजरसुंबा नावाचा एक गड आहे. तो वेगळा. हे आपल्या बालाघाटावरचे मांजरसुंबा.)

बाहेरच्या माणसाला मांजरसुंबा म्हणजे चौक. उत्तरेला बीड, दक्षिणेला चौसाळ्यावरून सोलापूर, पूर्वेला केज-अंबाजोगाई आणि पश्चिमेला पाटोदा-जामखेड. चहाची हॉटेले, टायरवाले, सीताफळांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बाया. दिवाळी झाली की या चौकातून ऊसतोड कामगारांच्या गाड्या सुटतात. ट्रकवर गवताची कोपी बांधण्याचे सामान, पाण्याची पिंपे, शेळ्या, म्हातारी माणसे आणि झोपाळलेली लेकरे. आम्ही गेलो ते याच दिवसांत.

बरोबर माझी मुलगी होती. ती इतिहास घेऊन बी. ए. करते. एस. टी.त सुद्धा तिच्या मांडीवर युरोपच्या इतिहासाचे पुस्तक होते. घाट चढताना तिने विचारले,

"पप्पा, इथं लिहिलंय की इंग्लंडचा राजा हा फ्रान्सच्या राजाचा मांडलिक होता. स्वतः राजा असून दुसऱ्याचा मांडलिक? असं कसं?"

मी म्हणालो, "आपण आज ज्या रस्त्यानं चाललोय ना, त्याच रस्त्यावर याचं उत्तर आहे. आधी तू तिकडचं सांग. मग मी इकडचं दाखवतो."

तिने सांगितले ते थोडक्यात असे. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर नॉर्मंडी नावाचा प्रांत आहे. तिथल्या विल्यम नावाच्या ड्यूकने १०६६ मध्ये समुद्र ओलांडून इंग्लंड जिंकले. इंग्लंडात तो राजा झाला, पण नॉर्मंडीपुरता तो फ्रान्सच्या राजाचा सरदारच राहिला. त्याच्याबरोबर आलेल्या सरदारांना इंग्लंडात जहागिरी मिळाल्या. मग एकेका घराण्याची जमीन समुद्राच्या दोन्ही बाजूंना झाली. बोमाँ नावाच्या घराण्यात १११८ मध्ये बाप वारला. त्याला जुळे मुलगे होते. वालेरान या मुलाला फ्रान्सकडच्या जमिनी मिळाल्या आणि रॉबर्टला इंग्लंडातल्या. जुळे भाऊ, पण एकाची मालमत्ता समुद्राच्या अलीकडे तर दुसऱ्याची पलीकडे!

पुढे १२०४ मध्ये फ्रान्सच्या फिलिप राजाने नॉर्मंडी जिंकून घेतली. आता दोन्हीकडे जमीन असणाऱ्यांनी काय करायचे? विल्यम मार्शल नावाचा मोठा सरदार हुशार निघाला. तो इंग्लंडच्या जॉन राजाचा अमीर राहिला आणि नॉर्मंडीतली जमीन वाचवण्यासाठी फ्रान्सच्या राजापुढेही जाऊन गुडघे टेकून आला. जॉन राजा संतापला, पण मार्शलच्या जमिनी दोन्हीकडे शाबूत राहिल्या. शेवटी १२४४ मध्ये फ्रान्सच्या नवव्या लुईने हुकूम काढला की, एका माणसाला दोन धन्यांची चाकरी करता येणार नाही, एक बाजू निवडा.

"म्हणजे निवडायची मुभा तरी होती," मुलगी म्हणाली.

"सरदारांना होती," मी म्हणालो. "जमीन कसणाऱ्यांचं काय लिहिलंय?"

तिने पाने उलटली. विल्यमने १०८६ मध्ये इंग्लंडच्या गावागावांची पाहणी करवली होती. त्या दप्तरात नोंदलेल्या माणसांपैकी दहात सुमारे एक गुलाम होता. त्याहून कितीतरी जास्त लोक धन्याच्या जमिनीला बांधलेले कुळवाडी होते. पुढच्या काळात तर कायदाच झाला की, अशा माणसाने गाव सोडायचे नाही. मुलीचे लग्न करायचे तरी धन्याला पैसे भरायचे. धनी नॉर्मंडीचा असो की इंग्लंडचा, त्याच्या पाठीवरचे ओझे तेच.

एस. टी. मांजरसुंब्याच्या चौकात थांबली. आम्ही उतरलो.

बालाघाटावरचे दोन धनी

जामखेडकडच्या गाडीला वेळ होता. चहा घेत मी मुलीला आपल्याकडचा इतिहास सांगू लागलो.

बीडच्या पूर्वेच्या टेकडीवर खंडोबाचे मंदिर आहे, त्याच्या दोन उंच दीपमाळा लांबून दिसतात. त्या मंदिराशी सुलतानजी निंबाळकरांचे नाव जोडले जाते. हे सुलतानजी आधी सातारच्या शाहू छत्रपतींचे सरलष्कर होते. म्हणजे लहानसहान माणूस नव्हे. पण १७२० नंतरच्या दहा वर्षांत ते निजामाला जाऊन मिळाले आणि निजामाचे जहागीरदार झाले. निंबाळकरांचीच दुसरी शाखा रावरंभा या किताबाने निजामाच्या पदरी होती. करमाळ्याचे कमलाभवानीचे मोठे मंदिर त्यांनीच बांधले. आणि निंबाळकरांचे मूळ घराणे फलटणला. शिवाजी महाराजांच्या राणी सईबाई या त्याच घराण्यातल्या. फलटणचे संस्थान १९४८ पर्यंत चालले. म्हणजे आडनाव एक, पण एक शाखा मराठ्यांकडे आणि बाकीच्या निजामाकडे. बोमाँ घराण्यातल्या जुळ्यांची गोष्ट आणि ही गोष्ट फारशी वेगळी नाही.

असे एकटे निंबाळकरच नव्हते. सेनापती धनाजी जाधवांचे पुत्र चंद्रसेन जाधव हेही शाहूंना सोडून निजामाकडे गेले आणि त्यांना मोठी जहागीर मिळाली. त्याआधी निजामशाही, आदिलशाही आणि मोगल यांच्यामध्ये किती घराणी इकडून तिकडे गेली त्याला हिशेब नाही. त्या काळच्या सरदाराला राज्याचा अभिमान असण्यापेक्षा वतनाचा लोभ जास्त. ज्याच्याकडे वतन टिकेल तो धनी.

आणि गावाचे काय? १७१९ मध्ये दिल्लीच्या बादशहाकडून मराठ्यांना दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहावा. त्यामुळे निजामाच्या मुलखातल्या गावात निजामाचा अंमलदारही यायचा आणि मराठ्यांचा कमाविसदारही. याला 'दुअमली' म्हणत. एक गाव, दोन अंमल. पीक एकदाच यायचे, वसुलीला मात्र दोघे उभे.

"शीव पाठ व्हती, शेत नव्हतं"

आमचे बोलणे शेजारच्या बाकावर बसलेले एक म्हातारे गृहस्थ ऐकत होते. ऐंशीच्या पुढचे असावेत. डोक्याला पांढरे मुंडासे, हातात काठी. त्यांनी विचारले, "कुठलं गाव म्हणायचं पाव्हणं?" मी गाव सांगितले, "जय भीम" म्हणालो. त्यांचा चेहरा फुलला. "जय भीम, जय भीम! आरं मंग आपलेच की!"

मग ते सांगू लागले.

"माझा बाप येसकर व्हता. निजामाचं राज. गिरदावर गावात आला की त्याच्या घोड्याला चंदी, पाणी, गवत सगळं आमी बघायचं. त्यो निघाला की त्याचं गठुडं बापानं डोक्यावर घ्यायचं अन् शिवंपोत्तर न्यायचं. शिवंवर पल्याडच्या गावचा येसकर उभा. त्यानं ते घ्यायचं, पुढच्या शिवंला न्यायचं. ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका. घरात बायको बाळंत असली तरी जायाचं."

मुलीने विचारले, "आजोबा, मग शेत किती होतं तुम्हाला?"

म्हातारबाबा हसले. "शीव सगळी पाठ व्हती लेकी. कोणत्या बांधाला कोणता धोंडा, कुठं बाभळ, कुठं आंबा. भांडण लागलं की पाटील माझ्या बापाला बोलवायचा, 'सांग रे शीव कुठून जाती.' पर शेत नव्हतं. हाडोळ्याचा तुकडा व्हता. भावकीत वाटून वाटून एकेकाला उभं राहाया जागा राहिली नाही."

वाचकहो, या बोलण्यात आपला सगळा इतिहास आला. गावाची शीव राखणे हे महारकीचे जुने काम. शिवेचा तंटा लागला की महाराची साक्ष मोलाची मानली जाई. तो शपथ घेऊन शिवेवरून चालत जाई आणि तो चालेल ती शीव ठरे. राजे बदलले, सरदार फिरले, पण जमिनीची खरी हद्द ज्याच्या पायाला ठाऊक होती तो माणूस एकच. आणि त्या हद्दीच्या आत त्याच्या मालकीचे काय? वतनाची तुटपुंजी जमीन, बलुत्याची पेंढी आणि चोवीस तासांची चाकरी.

बिदरच्या बादशहाने अमृतनाक महाराला बावन्न हक्क दिले, अशी कथा आपली जुनी माणसे सांगत. त्या हक्कांत मान किती होता आणि उष्टे किती होते याचा विचार करायला आपल्याला बाबासाहेबांनी शिकवले. सरदाराचे वतन म्हणजे सत्ता. महाराचे वतन म्हणजे गळ्यातला साखळदंड. शब्द एकच, अर्थ उलटा. सरदार धनी बदलू शकत होता. येसकराला धनी बदलता येत नव्हता, कारण त्याचा धनी कोणी एक माणूस नव्हता, सगळे गावच त्याचे धनी होते.

घाटाखालचे खर्डे

जामखेडची गाडी आली. पाटोदा मागे टाकून आम्ही सौताड्याला आलो. इथे विंचरणा नदी खोल दरीत उडी घेते. पावसाळ्यात हा धबधबा पाहायला गर्दी होते. सौताड्यानंतर घाट उतरला की जामखेड.

आज हा घाट म्हणजे दोन जिल्ह्यांची हद्द. १९४८ पर्यंत ती दोन राज्यांची हद्द होती. वर पाटोदा निजामाच्या बीड जिल्ह्यात, खाली जामखेड इंग्रजांच्या अहमदनगर जिल्ह्यात. जामखेड तालुक्याची गावे तर निजामाच्या गावांत अशी मिसळलेली होती की, एका दिवसाच्या पायी प्रवासात माणूस दोन-दोनदा राज्य बदले. निजामाच्या हद्दीत हाली शिक्का चाले, इंग्रजांच्या हद्दीत कलदार रुपया. मध्ये करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे नाके.

जामखेडच्या आग्नेयेला खर्डा. चौकोनी भुईकोट किल्ला, घडीव दगडांचा तट, भोवती खंदक. हा किल्ला निंबाळकरांचा. गावात त्यांच्या गढीचे अवशेषही आहेत. ज्या घराण्याने दोन दरबार पाहिले त्याच्याच किल्ल्यापाशी दोन्ही दरबारांची शेवटची मोठी लढाई झाली. तारीख ११ मार्च १७९५. एकीकडे सवाई माधवराव पेशव्यांची फौज, दुसरीकडे निजाम अली. निजामाला या किल्ल्यात कोंडून तह करायला लावला गेला.

मुलीला मी एक गंमत सांगितली. त्या लढाईत निजामाकडे रेमंड नावाच्या फ्रेंच सेनानीच्या कवायती पलटणी होत्या आणि मराठ्यांकडून शिंद्यांच्या पलटणी लढवणारा पेराँ हाही फ्रेंचच. इंग्रज मात्र बाजूला उभे राहून पाहत होते. तीन वर्षांनी, १७९८ मध्ये, त्यांनी निजामाची फ्रेंच पलटण मोडून टाकली आणि आपली तैनाती फौज त्याच्याकडे ठेवली. पुढे वीस वर्षांत पेशवाईही संपली. फ्रान्स आणि इंग्लंड यांचे जुने वैर असे बालाघाटाच्या पायथ्यापर्यंत आले होते.

पण आपल्या समाजाला खर्डा आठवतो तो शिदनाक महारामुळे. कळंबीचे इनामदार शिदनाक आपले पथक घेऊन या मोहिमेत मराठ्यांच्या बाजूने आले होते. त्यांच्या राहुट्या इतर सरदारांच्या राहुट्यांजवळ पडल्या म्हणून छावणीत तक्रार झाली. तेव्हा, ही जेवणाची पंगत नव्हे, ही शूरांची छावणी आहे, इथे जात पाहायची नाही, असा निर्णय झाल्याचे सांगतात. याच लढाईत शिदनाकांनी परशुरामभाऊ पटवर्धनांचा जीव वाचवल्याचेही आपल्या वाडवडिलांनी सांगितले आहे.

आम्ही तटावर उभे होतो. मुलगी म्हणाली, "म्हणजे लढाईपुरती जात नव्हती. घरी गेल्यावर?"

मी काय उत्तर देणार? उत्तर याच गावाने दिले आहे. २८ एप्रिल २०१४ रोजी याच खर्ड्यात आपल्या समाजाच्या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याला मारून टाकण्यात आले. शाळेत शिकणारा पोर. कारण सांगितले गेले ते एवढेच की, तो वरच्या जातीच्या मुलीशी बोलत होता. खटला चालला, साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. तटावरून गावाकडे पाहताना आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही. इतिहासाच्या पुस्तकात फितुरी म्हणजे सरदाराने धनी बदलणे. त्याला जहागीर मिळते. इथल्या फितुरीत एका आईबापाला न्याय मिळाला नाही.

हद्दीचा उपयोग बाबासाहेबांनी केला

परतीच्या गाडीत मुलीने विचारले, "पप्पा, दोन राज्यांच्या हद्दीचा आपल्या माणसांना कधीच उपयोग झाला नाही का?"

झाला. तो बाबासाहेबांनी करून दाखवला. निजामाच्या राज्यात सभा घेणे सोपे नव्हते. तेव्हा ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नडजवळच्या मकरणपूर येथे परिषद भरली. कन्नड निजामाचे, पण मकरणपूर त्या वेळी ब्रिटिशांच्या अंमलात. भाऊसाहेब मोरे यांनी पुढाकार घेतला आणि मराठवाड्यातले आपले लोक हद्द ओलांडून बाबासाहेबांना ऐकायला गेले. ज्या शिवेपर्यंत गठुडे वाहायचे, ती शीव आपली माणसे प्रथमच स्वतःच्या कामासाठी ओलांडत होती! पुढे २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी कसबे तडवळे (आता धाराशिव जिल्हा) येथे महार-मांग वतनदार परिषद झाली. महार आणि मांग एका मांडवात बसले आणि विषय होता वतनाचा.

वतनाविरुद्ध बाबासाहेबांची लढाई त्याच्याही आधीची. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. ते बिल त्या वेळी मंजूर झाले नाही. आपल्यातलेच काही लोक म्हणत होते की, वतन गेले तर भाकरी जाईल. बाबासाहेबांचे म्हणणे होते की, भाकरी कष्टाची हवी, लाचारीची नको.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे राज्य संपले. १५ ऑगस्ट १९४९ रोजी हैदराबाद राज्यातल्या जहागिरी रद्द करण्याचा कायदा आला. दोन दरबारांतून टिकून राहिलेली जहागीरदारी एका कलमाने संपली. मुंबई इलाख्यातील कनिष्ठ गाव वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. येसकराच्या डोक्यावरचे गठुडे खाली आले. पण जमीन? दादासाहेब गायकवाडांना १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह करावा लागला. आपल्या बीड जिल्ह्यात ॲड. एकनाथ आवाड यांनी गायरानाच्या हक्कासाठी आयुष्य वेचले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. तरी कित्येकांच्या नावावर जमीन चढली नाही आणि २०२२ मध्ये अनेक गावांत अतिक्रमण काढण्याच्या नोटिसा येऊन पडल्या.

म्हणून बांधवांनो, एक विनंती. सरदारांची घराणी टिकली ती तलवारीने जेवढी, तेवढीच कागदाने. सनद त्यांनी जीवापाड जपली. आपण आपला कागद जपत नाही. ज्यांच्याकडे वतनाची, हाडोळ्याची, गायरानाची जमीन आहे त्यांनी सातबारा काढून ठेवावा. त्यावर नाव कोणाचे आहे ते स्वतः वाचावे, वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्यावे. तलाठ्याकडून फेरफार काढावेत, तहसिलातून १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक मिळवावे. वतनाची जमीन नव्या शर्तीची असेल तर परवानगीशिवाय ती विकता येत नाही. कोणी गोड बोलून कोऱ्या कागदावर अंगठा मागितला तर देऊ नये. आणि सातबारावर घरातल्या बाईचेही नाव लावावे.

मांजरसुंब्याला परत आलो तेव्हा अंधार पडला होता. चौकात ऊसतोडीची एक गाडी थांबली होती. मुकादमाची उचल घेतलेल्या नवरा-बायकोच्या जोडीला आपल्याकडे 'एक कोयता' म्हणतात. माणसाचे नाव जाऊन हत्याराचे नाव उरते! हे कोयते आता सांगली-कोल्हापूरला, कुणी कर्नाटकात जाणार. आजही शिवेमागून शीव ओलांडायची ती पोटासाठी आणि आजही आत आपले शेत नाही.

गाडीच्या फाळक्याशी दहा-अकरा वर्षांची एक मुलगी दप्तर पोटाशी धरून बसली होती. माझ्या मुलीने तिला विचारले, "कितवीला गं?"

"पाचवीला."

"तिकडं शाळा आहे का?"

"हाय म्हणत्यात. मी जानार हाय. पुस्तक घेतलंय संगं."

मुलीने आपल्या पिशवीतली एक वही आणि पेन काढून तिच्या हातात दिले. गाडी सुरू झाली आणि घाटाकडे न वळता सोलापूरच्या रस्त्याला लागली. मुलगी दिवे दिसेनासे होईपर्यंत तिकडे पाहत होती. मग म्हणाली, "पप्पा, उद्या आपला सातबारा काढू. मी वाचते."